मत्सराची घरपोच सेवा

प्रेमातला मत्सर ही एके काळी फार कष्टाची गोष्ट होती. आजच्या पोरांना त्याची कल्पना यायची नाही. बायकोचा संशय आलेल्या नवऱ्याला ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागे, आणि तीही किरकोळ रजा शिल्लक असेल तर. मग घरासमोरच्या पानाच्या टपरीवर उन्हात उभं राहायचं, नको असलेली दोन-तीन पानं खायची आणि आपल्याच जिन्याकडे टक लावून बघायचं. नवऱ्याचा संशय आलेल्या बायकोचं काम त्याहून किचकट. शर्ट परटाकडे टाकण्यापूर्वी खिसे उलटे करायचे, नाटकाच्या तिकिटाचे तुकडे जुळवायचे, खांद्यावरचा केस खिडकीच्या उजेडात धरून त्याची लांबी आपल्या वेणीशी पडताळून बघायची. प्रियकरांचं तर विचारूच नका. तिच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलची चेन मुद्दाम पाडून ती तासभर बसवत राहणारे तरुण मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. आणि एवढं करून हाती काय लागायचं? तर ती धाकट्या भावाबरोबर गिरणीवरून दळण घेऊन आली! मत्सरी माणूस वाळत जातो असं जुने लोक म्हणत, त्यात झुरण्याचा भाग थोडा आणि पायपिटीचा जास्त असावा.

पण या पायपिटीचे उपकार मोठे होते. शंभरातल्या नव्वद जणांचा संशय निव्वळ आळसापायी मरून जायचा. ‘मरू दे, या उन्हात कोण जाऊन उभा राहतोय’ एवढ्या एका विचाराने महाराष्ट्रातले किती संसार वाचले असतील याची गणती नाही.

आता ती सोय गेली. दुधाच्या पिशवीसारखा मत्सर सकाळी दारात येऊन पडतो. दारातही कशाला, उशाशी. अंथरुणातून मान न उचलता माणसाला कळतं, की आपलं प्रिय माणूस काल रात्री शेवटचं कधी जागं होतं, त्याने कुणाच्या फोटोला लाल बदाम दिला, त्याच्या फोटोला कुणी दिला, आणि ज्याने दिला त्याने त्याच्या मागच्या आठ फोटोंनाही दिला होता. अनोळखी माणसाच्या तीन वर्षांपूर्वीच्या गोव्याच्या सहलीचे फोटो रात्री एक वाजता बघत बसलेला माणूस काय शोधत असतो हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. आणि एवढं सगळं बिनरजेचं, बिनउन्हाचं. पानाचेसुद्धा पैसे वाचले.

त्यातल्या त्यात त्या दोन निळ्या खुणा. व्हॉट्सअॅपवाल्यांनी त्या २०१४ च्या नोव्हेंबरात आणल्या. तुमचा निरोप समोरच्याने वाचला की खुणा निळ्या होतात. आमच्या वेळी याला पोचपावती म्हणत आणि ती फक्त रजिस्टर पत्राला जोडलेली असे. घर खाली करा म्हणून सांगणारा घरमालक वकिलामार्फत नोटीस पाठवायचा, तिला पोचपावती. प्रेमपत्राला पोचपावती जोडण्याचा निर्दयपणा कुणाला सुचला नव्हता. सोमवारी आंतरदेशीय पत्र टाकलं की पुढचे आठ दिवस माणूस मोकळा असे. उत्तर आलं नाही तर पोस्टमन रजेवर असेल, घाटात दरड कोसळली असेल, तिच्या परीक्षा चालू असतील. फारच झालं तर पत्र तिच्या वडिलांच्या हाती पडलं असेल. ही शेवटची शक्यता तितकीशी सुखाची नव्हे, पण तीतसुद्धा तिचा दोष नसे! भारतीय टपाल खात्याने आपल्या दिरंगाईने किती प्रेमं सांभाळली, याबद्दल त्या खात्याचा कधी सत्कार झाल्याचं ऐकिवात नाही.

आता नऊ बाराला निरोप पोचतो, नऊ तेराला वाचला जातो, आणि नऊ चाळीस झाले तरी उत्तर नाही. म्हणजे वाचलं, आणि तरी... या ‘आणि तरी’वर आजचा निम्मा मत्सर पोसला जातो. गॅसवर दूध असेल, साहेब केबिनमध्ये बोलावत असेल, नेमकं काय लिहावं हे सुचत नसेल, यातलं काहीही त्या निळ्या खुणेत दिसत नाही. खुणा बंद करायची सोय आहे म्हणतात. पण मग ‘का बंद केल्यास?’ हा वेगळा प्रश्न उभा राहतो, आणि त्याला उत्तर देणं पहिल्यापेक्षा कठीण.

हे सगळं मला इतक्या बारकाईने कळायचं कारण माझी भाची. भाची पुण्यात नोकरी करते, तिचा होणारा नवरा बंगळूरला. साखरपुडा झालेला, वैशाखातला मुहूर्त धरलेला, हॉलला आगाऊ पैसे भरलेले. आणि एका रविवारी बहिणीचा फोन आला. ‘दादा, तू ताबडतोब ये. तुझ्या भाचीचं लग्न मोडतंय.’ मुलीला बोहल्यावर आणून उभं करणं हे मामाचं काम. ते बोहलं जागेवर राहतंय की नाही हे बघण्याचं कामही त्याच खात्यात येतं, असं बहिणीचं मत.

प्रकरण असं होतं. भाचीने लागोपाठ तीन रात्री अकरा वाजता ‘झोपते आता’ असं त्याला लिहिलं आणि तिन्ही रात्री दीड वाजता ती फोनवर जागी दिसली. तो दीड वाजता तिच्या नावाकडे का बघत होता, हा प्रश्न अर्थातच कुणी विचारला नाही. त्यात भर म्हणून, तिच्या ऑफिसातल्या कुणा एकाने पानशेतच्या सहलीचा फोटो टाकला होता. फोटोत सहा माणसं, भाचीचा खांदा आणि त्या एकाचा खांदा यांत जेमतेम चार बोटांचं अंतर. जावईबापू इंजिनिअर आहेत, त्यांनी ते अंतर मनात मोजलं असणार. शेवटी त्याने मागणी केली, की फोनचा पासवर्ड मला दे. मी माझा तुला देतो. लपवण्यासारखं काही नसेल तर दाखवायला हरकत काय?

हे शेवटचं वाक्य बहिणीला बिनतोड वाटलं. ‘बरोबरच आहे की त्याचं,’ ती म्हणाली. ‘दाखवून टाक म्हणावं एकदा, विषय संपेल.’ भाची म्हणाली, ‘मुळीच दाखवणार नाही.’ आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं. जुन्या नाटकांत असल्या दारामागून हुंदके ऐकू येत. आमच्या दारामागून फोन चार्जिंगला लावल्याचा आवाज आला.

जुन्या नाटकांवरून आठवलं. या विषयावर मराठी माणसाने गोविंद बल्लाळ देवलांना डावलून बोलूच नये. देवलांनी ऑथेल्लोवरून ‘झुंझारराव’ केलं १८९० साली, आणि त्यांचंच ‘संशयकल्लोळ’ संगीत होऊन रंगभूमीवर आलं १९१६ साली. म्हणजे संशयाने बायकोचा जीव घेणारा नवरा आणि संशयापायी हसं करून घेणारा नवरा, दोघेही एकाच गृहस्थाच्या लेखणीतून मराठीत उतरले. शोकांतिका एका रुमालावर उभी आहे आणि प्रहसन एका तसबिरीवर. रेवतीच्या हातून अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते, आणि फाल्गुनराव बायकोच्या हातात परपुरुषाची तसबीर बघतो. तिकडे कृत्तिकेने काय बघितलेलं असतं, तर आपला नवरा एका घेरी आलेल्या परक्या बाईला सावरतोय. झालं! पुढे तीन तास पेटी-तबल्याची सोय.

यात माझ्या मते ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या नाटकात डोळ्यांनी कुणीही चुकीचं बघत नाही. तसबीर खरीच हातात होती. बाईला खरंच सावरलं होतं. ऑथेल्लोलाही रुमाल खरोखरच दुसऱ्याच्या हाती दिसला. पुरावा शंभर टक्के अस्सल आणि निष्कर्ष शंभर टक्के चूक. मधला जो भाग दिसला नाही, तो ज्याने त्याने आपापल्या मनातल्या भीतीने भरून काढला. आपल्याकडे याला सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात. फरक एवढाच, की फाल्गुनरावाला वर्षाकाठी एखादी तसबीर सापडायची. आजच्या फाल्गुनरावाच्या हातात दिवसाला दोनशे तसबिरी येतात आणि प्रत्येक तसबिरीखाली कुणी कुणी बघितली याची यादी. सूतगिरणीच घरात आल्यावर स्वर्ग किती लांब?

कॅनडातल्या तिघा संशोधकांनी २००९ साली ३०८ विद्यार्थ्यांना फेसबुक आणि मत्सर यांबद्दल प्रश्न विचारले होते. फेसबुकवर वेळ जितका जास्त, तितका त्यापायी होणारा मत्सर जास्त, असं त्यांना दिसलं. आणि मूळचा मत्सरी स्वभाव हिशेबात धरूनही ते उरत होतं. त्यांचा अंदाज असा, की हे चक्र असावं. अर्धवट काहीतरी दिसतं, म्हणून मन खातं, मन खातं म्हणून माणूस आणखी बघतो, आणि आणखी अर्धवट दिसतं. आमची आजी हे खरजेबद्दल सांगत असे. ‘खाजवू नको, खाजवलं की वाढते,’ एवढंच म्हणायची, आणि त्यासाठी तिने ३०८ विद्यार्थी जमवले नव्हते. पण आजीचं कुणी ऐकत नसे, आणि संशोधकांचंही कुणी ऐकल्याचं दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही स्वतः या सगळ्याच्या पलीकडे गेलात वाटतं? छे हो! आमच्या हिच्या शाळेतल्या वर्गाचा ग्रुप झालाय. पंचेचाळीस वर्षांपूर्वीची दहावी ब. त्यात एक गृहस्थ आहेत, ते रोज पहाटे साडेपाचला गुलाबाचं फूल पाठवतात. नाव मी मनातदेखील घेत नाही, आमच्या घरात त्यांना गुलाबवाले म्हणतात. तर या गुलाबवाल्यांनी हिच्या पैठणीतल्या फोटोला फेसबुकवर लाल बदाम दिला. मी अंगठा दिला होता. या अंगठ्याचाही इतिहास आहे. फेसबुकने तो २००९ साली आणला, आणि पुढची सात वर्षं बायको, मावशी, शेजाऱ्यांचा कुत्रा आणि आंब्याची पेटी या सगळ्यांना माणूस निःपक्षपातीपणे तोच अंगठा देत असे. २०१६ साली त्यांनी बदाम, हसरा, रडका असे प्रकार काढले. प्रेमाला प्रतवारी आली आणि तिच्या पाठोपाठ मत्सरालाही.

मी सहज, अगदी सहज, विचारलं, ‘हे गुलाबवाले बदामबिदाम देतात वाटतं?’

‘देतात,’ ही म्हणाली. ‘तुम्ही अंगठा दिलात. अंगठा सातबाऱ्यावर देतात.’

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग हिने भाजी निवडता निवडता वर न बघता सांगितलं, ‘आणि तुम्हाला काहीच वाटलं नसतं ना, तर मला बरं वाटलं नसतं.’

या एका वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मत्सर ही वाईट गोष्ट, ती मनातून उपटून टाकावी, असं षड्रिपूंची यादी करणाऱ्यांनी सांगून ठेवलं आहे. मला ते नेहमीच थोडं संन्याशाचं गणित वाटत आलंय. आपल्याला जे हवं आहे ते जाईल की काय, ही धास्ती ज्याला कधीच वाटत नाही, त्याला ते कितपत हवं असतं? भूक लागणं हा जसा गुन्हा नव्हे तसं हेही. पण भूक लागली म्हणून शेजाऱ्यांच्या कपाटातले लाडू खाणं ही निराळी बाब आहे. वाटणं आणि करणं यांच्यामध्ये पूर्वी ती पानाची टपरी होती, ऊन होतं, अर्धी रजा होती. आता मध्ये काहीच नाही. वाटलं की अंगठा चाललाच. जे अंतर परिस्थिती राखत होती ते आता माणसाला स्वतः राखावं लागतं, आणि ते रात्री दीड वाजता, अंधारात, एकट्याने.

असो. भाचीने शेवटी दार उघडलं. मी तिला उपदेश केला नाही. मामाने उपदेश केला की भाची ‘हो’ म्हणते आणि विषय कायमचा बंद होतो. मी म्हटलं, ‘चहा कर.’ चहा पिता पिता ती आपणहून बोलली.

‘मामा, त्या तीन रात्री मी एका मैत्रिणीशी बोलत होते. ती फार वाईट दिवसांतून चाललीय. तिच्या घरीसुद्धा कुणाला माहीत नाही. ते सगळं माझ्या फोनमध्ये आहे. पासवर्ड माझा आहे, पण ते लिहिलेलं माझं आहे का?’

बहिणीने चहाचा कप खाली ठेवला. मीही ठेवला. आम्ही दोघं मघापासून भाचीची बाजू आणि जावयाची बाजू असा दोनच पक्षांचा खटला समजून बसलो होतो. तिसरा पक्ष आमच्या गावीही नव्हता. फोन म्हणजे आपली डायरी, फार तर दाखवली, असं आपण धरून चालतो. तो डायरीपेक्षा टपालपेटीसारखा जास्त आहे. त्यात आपल्या विश्वासावर टाकलेली दहा जणांची पत्रं असतात. आपलं प्रेम सिद्ध करण्यासाठी त्या दहा जणांना कसं उघडं करायचं? प्रेमात माणसाने स्वतःचं काय वाटेल ते द्यावं, पण दुसऱ्याची ठेव?

‘लपवण्यासारखं काही नसेल तर दाखवायला हरकत काय’ या बिनतोड वाक्याला मग मला तोड दिसायला लागली. न्हाणीघराला आतून कडी असते. आत कुणी नोटा छापत नसतं, तरी असते. आणि समजा भाचीने दाखवलं सगळं, पुढे काय? आज सापडलं नाही, तर ‘पुसून टाकलं असशील’ हे उद्या आहेच. असलेली गोष्ट दाखवता येते. नसलेली गोष्ट कुठून आणून दाखवायची? साखरेचा डबा उघडून साखर बघितल्यावर ‘डब्यात साखर आहे यावर माझा विश्वास आहे’ असं कुणी म्हणत नाही. जावयाला भाचीवर विश्वास ठेवायचा होता, आणि त्यासाठी तो अशी वस्तू मागत होता की जी हातात आली की विश्वासाचं काही कामच उरणार नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक वकील राहतात. त्यांच्याशी जिन्यात हे बोलणं निघालं तेव्हा ते म्हणाले, ‘जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटलंय वाचलंत ना? नवरा-बायकोने एकमेकांचं गुपचूप मुद्रित केलेलं बोलणं घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालतं.’ मी हादरलोच. पण पुढचा भाग त्यांनी दोन पायऱ्या उतरल्यावर सांगितला. त्याच निकालात असंही आहे, की जोडीदार एकमेकांवर पाळत ठेवण्याच्या थराला गेले, तर नातं आधीच मोडकळीला आलंय याचंच ते लक्षण. वकिलांना पहिला भाग उपयोगी. दुसऱ्या भागाची फी मिळत नाही.

जावयाची बाजू मात्र मी बहिणीसमोर मांडली, कारण ती मांडायला दुसरं कुणी नव्हतं. बंगळूरला एका खोलीत राहणारा मुलगा. भाची त्याच्या वाट्याला येते ती फोनमधूनच. आम्हाला ती तेलकट वेणीची, सर्दीने नाक लाल झालेली, आईवर खेकसणारी दिसते. त्याला दिसते ती पानशेतच्या उन्हात हसणारी, दिवसातल्या सगळ्यांत चांगल्या दोन सेकंदांची भाची. आणि त्या दोन सेकंदांत तो स्वतः कुठेच नसतो. त्या चार बोटांच्या अंतरात कुणीही उभं असतं तरी त्याला ते खुपलंच असतं. अशा मुलाला ‘संशयी’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. फाल्गुनरावाला निदान कृत्तिका समोर उभी तरी होती, भांडायला. प्रहसन आणि शोकांतिका यांतला फरकही तोच असावा. ‘संशयकल्लोळ’मध्ये सगळी पात्रं शेवटी एकमेकांसमोर येऊन बोलतात. झुंझाररावाने ते आधी केलं असतं तर त्याचंही प्रहसन झालं असतं.

भाचीने त्या रात्री त्याला लिहिलं नाही, फोन केला. पासवर्ड देणार नाही म्हणाली. एक मैत्रीण अडचणीत आहे, तिच्याशी बोलत होते, ती कोण आणि काय झालंय ते सांगणार नाही, असं सरळ सांगितलं. ‘झोपते’ म्हणायच्या ऐवजी ‘जरा काम आहे’ म्हणायला हवं होतं हेही म्हणाली. त्याने ऐकून घेतलं आणि ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. हे ‘बरं’ कुठल्या जातीचं, यावर बहिणीने पुढचे दोन दिवस काथ्याकूट केला. हॉलवाल्याकडे आगाऊ रक्कम परत मिळते का याचीही तिने आडून चौकशी केली. मिळत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिथेच होतो. भाची आतून आली आणि तिने फोन माझ्यासमोर धरला. त्याचा एका ओळीचा निरोप होता. ‘तुझी ती मैत्रीण आता बरी आहे का?’ नाव विचारलं नव्हतं. काय झालं तेही विचारलं नव्हतं. मी वरचं काही वाचायच्या आत तिने फोन मागे घेतला.

‘उत्तर दिलंस?’ मी विचारलं.

‘देते ना,’ ती म्हणाली. ‘पाच मिनिटं बघू दे त्याला त्या निळ्या खुणांकडे.’